कढई आणि पहिला तास

लोकांना थंडीत भूक लागते, मला झोप येते. पौषाचा वारा सुटला, आमच्या कॉलनीतली म्हातारी माणसं मफलर गुंडाळून उन्हाला बसायला लागली, की माझ्या पापण्या जड होतात त्या थेट होळीपर्यंत. नवरा म्हणतो, कुंभकर्णाला एक धाकटी बहीण होती, पुराणात तिचं नाव लिहायचं राहून गेलं. म्हणू दे. त्यानं मला त्या हिवाळ्यात पाहिलेलं नाही.

परवा सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. दूध वर यायला लागलं आणि मला कळायच्या आत माझा उजवा हात गोल फिरायला लागला. हातात चमचा नाही, डाव नाही, नुसती मिटलेली मूठ. ती हवेतच काहीतरी हलवतेय. दुधाचं व्हायचं तेच झालं, उतू गेलं. बर्नरवर करपलेल्या दुधाचा तो वास नाकात शिरला, आणि धाराशिवच्या माझ्या फरशीच्या स्वयंपाकघरात ईट गावातला एक जुना हिवाळा धुरासकट येऊन बसला.

भूमच्या कॉलेजात बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, राहायला ईट, आणि कॉलेजच्या आधी कमलमावशींच्या खव्याच्या भट्टीवर काम. त्या हिवाळ्याचा ऐवज एवढाच. आमच्या भागात नुसतं ‘भट्टी’ म्हटलं तरी ती खव्याचीच समजायची. पत्र्याचं शेड, मातीनं लिंपलेल्या दोन चुली, त्यांच्यावर दोन मोठ्या लोखंडी कढया. पहाटे वस्त्यांवरून माणसं मोटारसायकलीला किटल्या अडकवून दूध आणायची. ते कढईत ओतायचं, खाली लाकूड सारायचं आणि लांब दांड्याच्या उलथन्यानं हलवत राहायचं. दूध आटतं, बासुंदीसारखं होतं, आणखी घट्ट होतं, मग कडा सोडून मधे गोळा व्हायला लागतं. तो खवा. सांगायला काही नाही त्यात. करायला उभं राहिलं की खांद्याला कळतं.

आणि एकदा का दूध घट्ट व्हायला लागलं, की हात थांबवायचा नाही. नाकावर माशी बसो, पाठीला खाज सुटो, बाहेर कुणी हाक मारो. हात थांबला की तळाला लागलंच. मावशींचा त्यावर आणखी एक नियम होता. ज्यानं कढई चढवली त्यानंच ती उतरवायची, मधे हात बदलायचा नाही. हात बदलला की खवा बिघडतो, रवाळ होत नाही. का होत नाही? मी एकदा विचारलं होतं. “कडईला हात कळतोय,” एवढंच उत्तर मिळालं. मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी, मला हे काही पटलं नव्हतं. पण पटलं नाही म्हणून भल्या पहाटे, धुरात डोळे चोळत मावशींशी हुज्जत घालायला कोण बसतंय?

माझं नाव सुजाता. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेवरून अण्णांनी ते हौसेनं ठेवलं. मी भट्टीवर जायला लागले तेव्हा आई म्हणाली, “नाव ठिवताना माणसानं इचार करावा. पोरगी दुधातच जाऊन पडली की!”

अण्णा गवंडीकाम करायचे. हाताला सिमेंटच्या भेगा, पण वाचायला बसले की पेपरातली जाहिरातसुद्धा सोडायचे नाहीत. बारावी झाल्यावर त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, “शीक. कॉलेजची फी म्या भरतो, बाकीचं तुझं तू बघ. पर येक ध्यानात ठिव. येक वरीस जरी वाया गेलं, तर तुझ्या मामाफुडं माझं काय चालायचं न्हाय.” मामा म्हणजे आमच्या घरातलं जिवंत पंचांग. सणाला यायचा तो खिशात एखादं स्थळ घेऊनच. मी भट्टीवरही जाते आणि कॉलेजातही, हे कळल्यावर तो हसून म्हणाला होता, “दोन डगरीवर पाय ठिवलं की माणूस मधी पडतंय, आक्का. लिहून घे.” आईनं ते लिहून घेतलं नाही, पण तिच्या तोंडावर उमटलेलं मी पाहिलं. वर्ष गेलं तर लग्न, हे मला केमिस्ट्रीच्या सगळ्या समीकरणांपेक्षा जास्त पाठ होतं.

पहिल्याच दिवशी दगडूआबा किटली घेऊन आले. वाडीवरचे म्हातारे, दुधाला एक नंबर, जिभेला दोन नंबर. मी कढईपाशी उभी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मावशींना विचारलं, “ही कुणाची गं, कमल?” आता आबांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. मी कोणत्या गल्लीतली, कुणाची, सगळं ठाऊक. तरी हा प्रश्न गावात कधी, कुणाला आणि का विचारतात ते मलाही चांगलं ठाऊक होतं. माझ्या हातातलं उलथनं गार पडल्यासारखं झालं. मावशींनी वर मानसुद्धा केली नाही. “माझी हाय,” म्हणाल्या आणि चुलीत लाकूड सारलं. आबांनी घटकाभर थांबून किटली कढईत उपडी केली. पुढं कुणी विचारलं नाही.

कमलमावशी नात्यानं माझ्या कुणीच नव्हत्या. नवरा मेंढरं घेऊन दूर गेलेला असायचा, महिनोन्महिने. भट्टी त्यांची त्यांनीच उभी केलेली. अंगानं बारीक, आवाजानं दांडग्या. हसल्या की शेडचा पत्रा वाजतोय असं वाटायचं.

त्या हिवाळ्यातली झोप मात्र मला पुन्हा कधी मिळाली नाही. मिळाली म्हणजे काय, ती चोरलेलीच होती. पण चोरीच्या बोराची गोडी निराळी. अंथरुणातून उठून, तोंडावर पाणी मारून, शाल गुंडाळून मी भट्टीवर यायची ती अर्धी झोपेतच. बाहेर बोटं आखडून टाकणारा गारठा आणि आत चुलींची ऊब. समोर दुधाची वाफ, तिच्यात धूर मिसळलेला. उलथनं फिरतंय, गोल, गोल, कडेनं, मधून, पुन्हा गोल. दुधाचा तो बुडबुड आवाज. कधी कधी मला वाटायचं, मी झोपलेय आणि हात जागा आहे. आम्हा दोघांत तसा करारच झाला होता.

मग त्या वाफेतून काय काय दिसायचं! केमिस्ट्रीचे सर कढईपलीकडे उभे राहून फळ्यावर षट्कोन काढतायत, आणि तो षट्कोन फुगून दुधावरच्या सायीसारखा सुरकुततोय. मामा एक स्थळ घेऊन आलाय आणि ते स्थळ म्हणजे प्रयोगशाळेतली थेंब सोडायची काचेची नळी, ब्युरेट आहे, फेटा बांधलेली. मी ब्युरेटला विचारतेय, तुमचं शिक्षण किती. एवढ्यात मावशी आपलं उलथनं माझ्या कढईच्या काठावर आपटायच्या. ठण्ण!

“ये सुजे! पडशील दुधात आन् व्हशील खवा! मग त्या व्यापाऱ्याला काय सांगू, ह्यात बी.एस्सी. हाय, जपून खा म्हनून?”

झोप जावी म्हणून मी मोठ्यानं पाठांतर करायला लागले. उलथन्याच्या ठेक्यावर रासायनिक क्रिया काय बसतात म्हणून सांगू! बेंझिनपासून नायट्रोबेंझिन, नायट्रोबेंझिनपासून अॅनिलिन, एकेक फेऱ्याला एकेक नाव. थोड्याच दिवसांत मावशींनाही त्याची सवय लागली. मी गप्प असले की त्याच म्हणायच्या, “ते बेंजीनबाईचं म्हन की गं. लई पेंग आलीया मला.” त्यांच्या लेखी बेंझिन ही कुणीतरी बाई होती आणि तिच्यामागं फार व्याप होते. नवनवीन नावं घ्यावी लागत होती बिचारीला.

कढई उतरवली, खवा पाटीत काढला, हात धुतले, की फाट्यावर पळायचं. बार्शीला जाणारी सकाळची एसटी भूमवरून जायची. गाडीत खिडकीची जागा मिळाली तर स्वर्ग. काचेवर दव धरलेलं, बाहेर धुकं, धुक्यात ज्वारीची हिरवी कणसं मान वर काढून उभी. मधेच करडईचा पिवळा तुकडा यायचा नि जायचा. कुठंतरी बांधावर आगटी पेटवून हुरडा भाजत असायचे आणि तो वास फुटक्या काचेतून आत यायचा. माझं डोकं काचेला टेकायचं आणि गाडीच्या खडखडाटात मी गडप व्हायची. त्या झोपेला तळ नव्हता.

एकदा जाग आली तेव्हा गाडी उभी होती आणि भोवती भलतंच स्टँड. बार्शी! भूम येऊन गेलं होतं, पहिला तास झाला असेल, दुसराही. कंडक्टर माझ्याकडे पाहत उभा. म्हणाला, “ताई, भूमला दोन हाका मारल्या. तुम्ही झोपेत म्हणालात, ‘मावशी, अजून घट्ट झालं नाही.’ मी म्हटलं, नसेल झालं.” मला हसू आलं आणि रडूही. मग त्याच गाडीत बसून मी आईनं दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. स्टँडवर लोक चढत होते, उतरत होते, कुणाला तरी कुठं तरी पोचायचं होतं. मला त्या घटकेला कुठंच पोचायचं नव्हतं. ना भट्टी, ना कॉलेज. त्या हिवाळ्यातली तेवढीच एक सकाळ कुणाच्याच मालकीची नव्हती. परतीच्या प्रवासात कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, आणि भूम आल्यावर चांगला खांदा हलवून उठवलं.

वर्गात माझ्या शेजारी शबाना बसायची, भूमचीच. माझ्या ओढणीला, केसांना, वह्यांना दुधाचा नि धुराचा वास. तिनंच माझं नाव पेढा ठेवलं. मी पेंगायला लागले की तिची बोटं माझ्या दंडाला चिमटा काढायची. “ए पेढा, उठ ना गे! सर इधरच देखरे.” तिच्या त्या चिमट्यांचे निळे डाग आई पाहायची आणि विचारायची, भट्टीवर कुठं आपटलीस का. मी हो म्हणायची.

पहिला तास केमिस्ट्रीचा. तो मला आठवड्यातून जेमतेम दोनदा मिळायचा, आणि मिळायचा तोही अर्धा. सर रागावणारे नव्हते, त्यामुळे जास्तच वाईट वाटायचं. एक दिवस त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, “हजेरीचं मी आजवर सांभाळून घेतलं. पण प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक येणार. त्या दिवशी दार बंद झालं की झालं. मी काही करू शकणार नाही. वर्ष गेलं समज.” मी मान हलवली. बाहेर आल्यावर शबाना म्हणाली, “उस दिन भट्टी पे मत जा.” मीही तेच ठरवलं होतं. पण दोन-तीन गावांच्या जेवणावळी एकदम आलेल्या, दूध वाढलेलं, मावशींना दुसरा हात नाही. मी म्हटलं, नेहमीसारखी लवकर उरकते आणि जाते. गाडी सापडते की.

आता मी इथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. सकाळच्या तासाला मागच्या बाकावर दोन-तीन डोकी टेबलाला लागलेली असतात. मी उठवत नाही. कधीतरी हळूच विचारते, काय करतोस रे? कुणी पेट्रोलपंपावर असतो, कुणी मोबाईलच्या दुकानात, एक मुलगी लग्नाच्या केटरिंगला पोळ्या लाटते. ‘कमवा आणि शिका’ असं भाषणात म्हणायला काय जातं? त्या दोन शब्दांच्या मधल्या ‘आणि’त किती झोप मावते ते भाषण करणाऱ्याला ठाऊक नसतं. मी त्या पोळ्यावालीला एवढंच सांगते, प्रॅक्टिकलला ये बाई, बाकी बघू.

मावशी अजून आहेत, बरं का. त्यांच्या पुतण्यानं भट्टीवर मोटारीचं यंत्र बसवलंय. बटण दाबलं की पाती गरगर फिरते. मावशी खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि तिच्याकडे जावयाकडे बघावं तशा बघतात. मागच्या खेपेला मी विचारलं, कसं आहे यंत्र? “हाय की, चांगलं हाय,” म्हणाल्या. “पर ह्याला झोप येत न्हाय, म्हनून खव्याला चवबी येत न्हाय.”

तर तो प्रॅक्टिकलचा दिवस.

दार उघडलं तर समोरचं घर दिसेना. असं धुकं मी पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. कापसाच्या गंजीत शिरल्यासारखं चालत चालत मी भट्टीवर गेले. चुली पेटलेल्या, कढया रिकाम्या. मावशी दारात उभ्या. दूध आलंच नव्हतं. वस्त्यांवरच्या मोटारसायकली धुक्यात अडकलेल्या. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. एरवी लांबून फटफट ऐकू यायची, तेव्हा नुसती शांतता. कुठंतरी एक टिटवी ओरडली तेवढीच.

दूध आलं ते सगळं एकदम आलं. माणसांच्या मिशांवर दवाचे थेंब, किटल्या गार. मावशी म्हणाल्या, “तू जा. तुझी परीक्षा हाय.” मी दुधाकडे पाहिलं. दोन कढयांचं दूध. एका कढईत मावणारं नाही, आणि एकीचं होईपर्यंत दुसरं नासलं तर? मी म्हटलं, “आहे वेळ मावशी. धुक्यात गाडी तरी कुठं वेळेवर येतेय?” आणि मावशींनी पुढं काही म्हणायच्या आत कढईत दूध ओतलं. चढवली म्हणजे चढवली.

त्या दिवशी मला झोप आली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच भट्टीवर मी टक्क जागी होते. लाकूड जास्त सारलं, हात जोरात फिरवला. पण दूध काही माणसाच्या घाईनं आटत नाही. घाई केली की ते जास्तच निवांत होतं. बुडबुड, बुडबुड. बाहेर धुकं पांढरं, आत वाफ पांढरी, कढईत दूध पांढरं. मला वाटायला लागलं, मी या पांढऱ्यात अशीच उभी राहणार आहे, हात फिरवत. बाहेर वर्षं निघून जातील, शबाना पास होईल, मामा स्थळ पक्कं करून टाकेल आणि मी इथंच. बेंझिनबाईचं एकही नाव आठवेना.

दूध घट्ट व्हायला लागलं, हात काढता येत नाही असं झालं, आणि फाट्याच्या बाजूनं एसटीचा हॉर्न आला.

गाडी वेळेवर होती! धुकं पाहून ड्रायव्हर हॉर्न वाजवत वाजवत हळूहळू येत होता. तेवढ्याच वेळात गेलं तर सापडणार. मी मावशींकडे पाहिलं. त्यांचीही कढई त्याच टप्प्यावर आलेली, त्यांचाही हात सुटणार नव्हता. आणि सुटला असता तरी नियम होताच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अगदी लहान पोरीसारखं. हात फिरतोय आणि मी रडतेय.

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कढईत.

“उतरव,” त्या म्हणाल्या.

“मावशी, खवा नाही झाला अजून.”

“मला दिसतंय की. उतरव म्हन्ते ना!”

“अहो, पण मग ही—”

“तू चडवलीस, तूच उतरव. आन् जा. बघत काय बसलीस भवाने, गाडी जाईल!”

त्यांनी आपलं उलथनं टाकलं, फडक्यानं माझ्या कढईचा एक कान धरला, दुसरा मी धरला. आम्ही ती कढई चुलीवरून उचलून खाली ठेवली. धड दूध नाही, धड खवा नाही. तेवढ्या वेळात मावशींच्या कढईतून करपल्याचा वास यायला लागला. त्या तिकडे धावल्या आणि मी फाट्याकडे.

गाडीत मी उभ्यानं गेले. हाताला वास, ओढणीवर दुधाचे डाग, चपलेचा एक अंगठा तुटलेला. सर प्रयोगशाळेचं दार ओढून घेत होते तेवढ्यात मी आत शिरले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाजूला झाले. परीक्षक टेबलांमधून फिरत माझ्यापाशी आले, थबकले आणि नाक वर करून म्हणाले, “इथं दूध कुणी उकळतंय का?” अख्खी बॅच खाली माना घालून हसायला लागली. शबाना म्हणाली, “सर, तिच्या घरी खवा करतात.” घरी म्हणाली ती. मला ते फार आवडलं.

ब्युरेटमधून थेंब सोडताना माझा हात जराही हलला नाही. थेंब, थांब, थेंब, थांब. आणि मग त्या काचेच्या चंबूत एकदम फिक्कट गुलाबी रंग उमटला आणि राहिला. मी त्याच्याकडे पाहतच बसले. सगळी सकाळ पांढऱ्यात गेल्यावर तो रंग पाहून बरं वाटलं.

दुपारी ईटच्या फाट्यावर उतरले तर टपरीवरची माणसं माझ्याकडे पाहून हसतायत. “काय सुजाता, आज लईच खाऊ घातलंस गावाला!” मला उमजेना. गल्लीच्या तोंडाशी पोरं हातात वाट्या घेऊन चाटत बसलेली. आमच्या गल्लीतली, मावशींच्या गल्लीतली, सगळी एकत्र. मावशींनी दुकानातून साखर मागवली होती, ती माझ्या त्या अर्धवट आटलेल्या कढईत ओतली आणि बासुंदी करून टाकली. दूध आणणाऱ्यांच्या रिकाम्या किटल्यांतसुद्धा भरून दिली. “तुमच्याच म्हशीचं हाय, घिऊन जावा,” म्हणत. दगडूआबा पारावर बसून बोटं चाटत होते. मला पाहून म्हणाले, “झाली का परीक्षा?” मी म्हटलं, “झाली, आबा.” म्हणाले, “बेस झालं. साखर जरा कमी पडली, कमलला सांग.”

मावशी भट्टीवर आपली कढई घासत होत्या. करपलेला थर नखानं खरवडत. व्यापाऱ्याचा फोन येऊन गेलेला, तो वाट्टेल ते बोलला असणार, कारण त्या सारख्या “जाईल कुठं, जाईल कुठं” असं पुटपुटत होत्या. मी दारात उभी राहून म्हटलं, “मावशी, चांगलं गेलं.”

“जायलाच पायजे. येवढी बासुंदी का उगं केली व्हय?” त्यांनी वर पाहिलं नाही. पण हसल्या, आणि पत्रा वाजल्यासारखा तो आवाज बाहेरपर्यंत गेला असेल.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती कौतुकानं चारचौघांत सांगत फिरले असते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी भट्टीवर गेले, तर माझी कढई जागेवर नव्हती. चुलीमागं भिंतीला पालथी घातलेली. चुलीत नुसती गार राख. मावशी एकट्याच आपल्या कढईपाशी.

“मावशी, माझी कढई?”

“आजपास्नं तू लाकडं सार. किटल्या धू. तेवढं झालं की जा कॉलेजात.”

कालचा राग आज निघाला, असंच वाटलं मला. मी म्हटलं, मी लवकर येत जाईन, झोपणार नाही, पुन्हा असं होणार नाही. मी काय काय म्हटलं ते आता आठवत नाही. बरंच गयावया केलं असणार. मावशी उलथनं फिरवत ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या,

“येडी का खुळी तू? कडई चडवली की उतरवीस्तवर थांबावं लागतंय, पोरी. माझा जलम थांबण्यातच गेला, तो गेला. तुला कुठं थांबायचंय हितं?”

मी चुलीपाशी उकिडवी बसले आणि लाकूड सारायला लागले. धूर डोळ्यांत गेला म्हणून बरं झालं. मावशींच्याही गेला असावा, कारण त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

तेव्हा मला सगळं कळलं नव्हतं. दुसरी चूल विझली म्हणजे काय झालं, ते पुढं हळूहळू दिसत गेलं. निम्मं दूध दुसऱ्या भट्टीवर जायला लागलं. दगडूआबांचंसुद्धा. मावशी मात्र मला एवढंच म्हणायच्या, “जा, गाडी यील.” दुसरा हात त्यांना मिळाला असता. त्यांनी ठेवला नाही, कारण दोघांची मजुरी भट्टीला झेपली नसती आणि माझं काम गेलं असतं. एका कढईवर लाकूड सारायला वेगळं माणूस कुठं लागतंय? ते काम मलाच द्यायला म्हणून त्यांनी ठेवलं होतं.

होळी येईपर्यंत ती कढई तशीच भिंतीशी पालथी होती. आणि पुढच्या सबंध सत्रात माझा पहिला तास एकदाही चुकला नाही.